परत आलेला रंग

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहते आहे खरवडून.

वाल्पाराइसोची ही टेकडी. एकशे बेचाळीस पायऱ्या.
सिमेंटचं पोतं वर पोचवायचे वेगळे पैसे मागतात,
म्हणून मी ते बादलीत अर्धं अर्धं करून आणते.
अंतोफागास्ताहून एदगार्दोचा फोन येतो,
"किती झाले?"
मी म्हणते, पायऱ्या की पैसे?

पत्र्याच्या भिंतीला पटाशी लावली
तर आधी निघतो हिरवट, त्याखाली वीटकरी,
आणि सगळ्यात आत, जिथे पटाशी घसरते
आणि माझं मनगट दुखायला लागतं,
तिथे क्रेनचा पिवळा.
बाबा गोदीत होते.
डब्यातून जेवण न्यायचे, डब्यातून रंग आणायचे.
एका डब्यात मावते दोन हात भिंत.
पावसाकडची बाजू पुरी व्हायला
दोन वर्षं लागली,
आणि त्या दोन वर्षांत बाबांच्या पावाला
टर्पेंटाइनचा वास यायचा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ठीक.
पण अंथरूणच वाळवीने खाल्लेलं असेल तर?

रविवारच्या बाजारात मी दार घेतलं, पाडलेल्या शाळेचं,
बारा हजार पेसो, बिजागऱ्यांसकट.
वर पितळी पाटी होती. चार स्क्रू, चारही गंजलेले.
काढता येईना. राहू दिली.
आता आमच्या न्हाणीघरावर लिहिलंय: सातवी ब.
एदगार्दोची मुलगी आली होती, दारावर टकटक करून
म्हणाली, "बाई, आत येऊ?"
आतून बाबा म्हणाले, "गृहपाठ केलास का?"

मग जमीन.
खोलीच्या मध्यावर लिंबू ठेवलं तर
ते आपोआप समुद्राकडे निघतं.
फळ्या उचकटल्या.
सुतार पोटावर सरपटत आत गेला,
बराच वेळ नुसता त्याचा टॉर्च हलत होता.
मग हसण्याचा आवाज.
तुळईखाली पाचर म्हणून
एक बूट.
डावा. टाचेत लोखंडी नाल, आत सिमेंट ओतलेलं.

"आणि उजवा?" मी बाबांना विचारलं.
ते खिडकीशी, मोतीबिंदूच्या धुक्यात, शेंगा सोलत होते.
"रोसामेलच्या घराखाली," म्हणाले.
"पंच्याऐंशी साली दोघांची घरं एकाच संध्याकाळी कलली.
बूट एकाचेच होते."

रोसामेल गेला. त्याच्या घराचं हॉटेल झालंय,
गच्चीवर परदेशी पाहुणे सूर्यास्ताचे फोटो काढतात
उजव्या बुटावर उभे राहून.

सुतार म्हणाला, जॅक लावू, नव्वद हजार, पक्कं काम.
मी वहीत आकडा लिहिला. खोडला.
परत लिहिला, बाजूला प्रश्नचिन्ह.
शेवटी शाळेच्याच दाराची उरलेली चौकट कापून
बुटाशेजारी दुसरी पाचर ठोकली.
लिंबू अजून निघतं, पण विचार करून.

राहिला रंग.
हार्डवेअरच्या दुकानात मागे एक फळी असते,
लोकांनी हौसेने मिसळून घेतलेले
आणि घरी नेऊन नको झालेले डबे, निम्म्या किमतीत.
एकाच्या झाकणावर पेनने लिहिलं होतं:
सौ. ओर्तुसार, बाळाची खोली.
रंग म्हणजे, कसं सांगू,
पिकत आलेला पण अजून हट्ट न सोडलेला पेरू.
चार डबे होते. चारही उचलले.
ओर्तुसारबाईंनी काय ठरवलं असेल शेवटी, कोण जाणे.

काल पहिला हात मारला.
बाबा भिंत धरत धरत आले,
बोट टेकवलं, नाकाशी नेलं.
"हा गोदीतला नाही."
"नाही. विकत आणला."

ते बराच वेळ तिथेच उभे,
बोटावरचा रंग अंगठ्याने चोळत.
"किती पडले?"
मी दिले होते त्याच्या निम्मे सांगितले.
म्हणजे, निम्म्याचे निम्मे.

"फसवलं तुला," म्हणाले बाबा,
आणि ब्रश मागितला.