वाऱ्याची पिशवी

धावपट्टीच्या उत्तर टोकाला
लोखंडी खांबावर जी केशरी-पांढरी पिशवी होती
ती मी शिवली होती.
हे कोणी विचारलं नाही.

चौकशीवाले दोन दिवस नागपूरहून येऊन-जाऊन होते.
टेप धरायला त्यांनी मलाच बोलावलं.
चाकं टेकली तिथून मोजलं,
डावीकडे वळत गेलेली रबराची काळी रेघ मोजली,
मुरूम, चुना मारलेले दगड, त्यातला एक उखडलेला,
आणि पुढे नारनवरे बाईंच्या हरभऱ्यात
चौसष्ट मीटर.
एकानं लिहिलं, दुसऱ्यानं फोटो काढले.
मी टेपचं टोक धरून उभा.

त्या दिवशी मी चहा ठेवला होता.
निमिषा मॅडम वर होत्या,
एकटीनं उडायची तिसरीच वेळ.
धडाम वगैरे काही झालं नाही.
ताडपत्री ओढत नेल्यासारखा आवाज,
मग ढेकळांचा,
मग नुसता चहा उतू गेल्याचा.

पळत गेलो तर विमान नाकावर टेकलेलं,
शेपूट वर, पंख्याची पाती
जास्वंदीच्या पाकळ्यांसारखी मागे वळलेली.
पोरगी धुऱ्यावर बसली होती, हेडफोन गळ्यात.
"सर काय म्हणतील," एवढंच म्हणत होती.
नारनवरे बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तासांकडे,
मग परत तिच्याकडे.
"लागलं काय वं माय?"
ती नाही म्हणाली तेव्हा बाईंनी
चाकाखाली आडवा झालेला हरभरा उपटला
आणि डहाळाच तिच्या मांडीवर ठेवला.
"गेलाच हाये तो. खाऊन घे."
ती घाटे सोलायला लागली. बोटं थरथरत होती,
आंबेनं चरचरतही असतील.

अहवालात आलं: अचानक सुटलेला आडवा वारा.
अचानक?
वारा सकाळपासून होता.
माझी टोपी दोनदा उडाली होती.
पिशवी तेवढी लोंबत होती,
कारण दिवाळीत तिचं तोंड फाटलं तेव्हा
नवीन मागवायची चिठ्ठी ऑफिसात पडून राहिली
आणि मी जुन्या छत्रीचं कापड लावून
सुतळीनं पक्की शिवली.
फार पक्की.
जड झाली ती. पंधराचा वारा पाचचा दाखवायची.
मालकानं तेव्हा पाठ थोपटली होती,
"वा शेंडे, खर्च वाचवला."

आता दिल्लीहून नवी आली आहे.
कोणी खोकलं तरी फुगते.

महिन्याभरानं मॅडम परत आल्या.
विमानात चढायच्या आधी वाकल्या,
चिमूटभर वाळकं गवत उचललं,
हवेत सोडलं,
आणि ते कुठं जातं ते पाहत राहिल्या.
पिशवीकडे पाहिलं नाही.
माझ्याकडेही नाही.

गवत माझ्या चपलेजवळ येऊन पडलं.