तिसऱ्या कडव्यावरचं विमान

कलिन्यात, चर्चमागच्या अंगणात
ऑस्बर्ट किणी गात होता.
गोदीतून रिटायर झालेला, डोक्यावर काऊबॉयची हॅट,
ती मनीष मार्केटातली, हे सगळ्यांना माहीत.
मी खुर्चीत तिरकी बसून
निनादला हातांनी गाणं सांगत होते.
(नाव ठेवलं तेव्हा कुणाला कळलं नव्हतं
की त्याला ऐकू येत नाही.)

घोडा सोपा. धूळ सोपी.
रस्ता म्हणजे दोन तळहात समोरासमोर, पुढे नेत राहायचे.
पण 'लोन्सम'वर तो मधेच आवाज मोडायचा,
पोहरा विहिरीच्या काठाला आपटावा तसा,
त्याचं काय करू?
एक बोट उभं केलं, हळूच वाकवलं.
निनादने विचारलं, आजारी आहे का तो?
नाही, म्हटलं. म्हणजे, हो.

गाण्यात बाई निघालीय, बॅग दारात,
आणि गडी म्हणतो, जा, मागे बघू नकोस.
आमच्या घरच्या कॅसेटवर हे चिडून म्हटलंय.
ऑस्बर्ट इतकं हळू म्हणाला
की मी खुणेतला राग काढून घेतला,
नुसता हात उरला.

तिसऱ्या कडव्याला विमान आलं.
इथे येतंच सारखं;
माणसं वाक्यात थांबतात,
ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलतात.
ऑस्बर्ट थांबला नाही.
त्या गडगडाटाखाली काहीतरी गायला.
माझे हात मांडीवर पडून होते.

टाळ्या. तळलेल्या फुग्यांचं ताट फिरलं.
ओळ विसरला बिचारा, मागचे म्हणाले, वय झालं.
निनादने माझी बाही ओढली.
ते इंग्रजी नव्हतं. आपलं होतं.
'नको जाव' म्हणाला, आणि पुढे एक शब्द,
बाय.
किंवा माय.
ओठांवर ब आणि म सारखेच दिसतात,
दोन्हीला आधी तोंड मिटावं लागतं.

मग तुला काय वाटतं?
त्याचं तोंड फुग्याने भरलेलं.
विचार ना त्यालाच, बोटं म्हणाली.

ऑस्बर्ट हॅट काढून टक्कल पुसत होता.
मी गेले त्याच्यापर्यंत.
म्हटलं, छान झालं हं, अंकल.
तो म्हणाला, विमान आला ना मधी.
हो, म्हटलं, विमान.

लांबून, बोटं चाटत,
निनाद आमचे ओठ बघत होता.