फट

जांबोटीहून टेम्पो आला तेव्हा पलंग उताणा होता,
चार पाय वर, दोरखंडाने आवळलेले,
बाजाराला निघालेल्या बोकडासारखा.
बिर्जे स्वतः आले नाहीत. नातवाच्या हाती चिठ्ठी:
"ह्यावर अकरा बाळंतपणं झाली. बारावं दवाखान्यात.
रक्कम पोचली."

शहापुरात आमच्या बोळाला ऊन मिळतं दुपारी,
अर्धा तास, उसनं आणल्यासारखं.
तेवढ्यात मी पॉलिश करते.
स्पिरिटात विरघळलेला चपडा,
जुन्या लुगड्याच्या तुकड्यात कापूस बांधून केलेली पोटली.
वडिलांनी कॅम्पातल्या मेसची टेबलं
असल्याच पोटलीने आरशासारखी केली,
त्या टेबलांशी ते कधी बसले नाहीत.

सांधे मौनेशप्पा बडिगेर बघतो.
त्याला मराठी येते कामापुरती,
मला कन्नड जेवणाखाण्यापुरती.
तो बीटे म्हणतो, मी शिसव.
रंधा दोन्ही ऐकून घेतो.

आधी सोड्याचं पाणी, मग घासकागद.
तेल, हळद, ओव्याची धुरी,
बाळंतशेपेचा वास अजून खाली कुठेतरी.
फडक्याला काळं लागतच राहिलं,
आणि तिसऱ्या दिवशी उशाच्या फळीवर
एक चोच वर आली.

मोर, मी म्हटलं.
पुण्याच्या डेंगळ्यांनाही फोटोत मोरच दिसला.
"राजस्थानी पीस म्हणून लिहू," ते म्हणाले,
"तसं लवकर जातं."

पण मोराला पिसारा नको का?
ह्याच्या चोचीवर आणखी एक चोच, उलटी ठेवलेली,
तोंडात फळ, हरभऱ्याएवढं,
समोर झाडाचा बुंधा, अगदी साधा, नक्षीच नाही,
आणि बुंध्यात उभी फट.

फट दिसली की हात आपोआप जातो.
शिसवीचा भुसा, सरस, चिमूटभर काव,
बुजवली. नीट बुजवली,
बोट फिरवलं तरी कळू नये अशी.
आमच्या धंद्यात कौतुक म्हणजे
कुणाला काही न दिसणं.

संध्याकाळी मौनेशप्पा आला, बघितलं,
पान थुंकायला बाहेर गेला, परत आला.
"अक्का, हितली फट कुठं गेली?"
"बुजवली की."
"कशाला?"

मग त्याने सांगितलं, निम्मं हातांनीच.
कणकुंबीच्या रानात बापाबरोबर लाकडाला जायचा तेव्हा बघितलेलं:
धनेशाची मादी ढोलीत शिरते,
आतून दार लिंपून घेते, मिळेल त्याने,
एक चीर ठेवते चोचीपुरती.
नर आणून देतो, उंबरं, किडे,
पिल्लं जरा मोठी होईपर्यंत.
"बाणंती," तो म्हणाला.
हा शब्द मला कळला.

सकाळपर्यंत सरस दगड झाला असता.
बल्बखाली साडीची पिन घेऊन बसले,
कण उकरायचा, फुंकायचा, पुन्हा कण.
कडा लागल्या. तडकलेल्या नव्हत्या,
पटाशीने सरळ उतरवलेल्या.
आणि आत, बोट पोचणार नाही इतकं आत,
कोरून ठेवलेलं
दुसऱ्या चोचीचं टोक.

कुणाला दिसावं म्हणून?
उभ्या माणसाला नाही. मी आठवडाभर उभीच होते.
पलंगावर आडवी झाले, मान मागे टाकली,
कळ आल्यावर टाकतात तशी,
तेव्हा ते नेमकं डोळ्यांसमोर आलं.
बराच वेळ उठले नाही.

बिर्ज्यांना फोन केला. नातू म्हणाला,
आजोबांना ऐकू येत नाही, काय सांगू?
काही नाही, म्हटलं.

बुधवारी डेंगळे आले, फटीत नख घातलं.
"क्रॅक आहे. दोन हजार कमी करा."
मौनेशप्पा पटाशीला धार लावत होता,
लावायचा थांबला.
केले कमी.

पावतीवरचं राजस्थान खोडून
मी जांबोटी लिहिलं.
त्यांनी ते वाचलं की नाही कोण जाणे,
पोटली वाळून कडक होत होती,
मी आत गेले.