पाणी जोखणे

परळच्या तळघरात सकाळी साडेसहाला
माझा पहिला पेशंट पाणी असतं.
नळकांड्यात, बुडबुडा नसलेलं, टेबलावर मधोमध.
त्याला श्वास रोखायला सांगावं लागत नाही.

पाणी म्हणजे शून्य.
चार इकडे, चार तिकडे चालतं.
आज सात.

बाहेर सहा वर्षांचा झैद,
उपाशीपोटी आईच्या ओढणीचं टोक चघळत.
वॉर्डातून फोन: “सातनं असं काय बिघडतं, मॅडम?”
मी हवेचं कॅलिब्रेशन लावते.
पुन्हा पाणी. दोन.
वहीत दोन्ही आकडे लिहिते, सातसुद्धा.
खाडाखोड करायची नाही,
कुडतरकर सरांनी एवढंच शिकवलं.

प्रोटोकॉल उघडते तर
रात्रीच्या कुणा धिप्पाड माणसाचं माप तसंच राहिलेलं,
बापाचा सदरा पोराच्या अंगात.
कमी करते. अजून थोडं.
चित्र जरा भुरकट येईल, येऊ दे.
गाठ आहे की नाही, एवढं दिसलं की झालं.

शिशाचा एप्रन सावरत आई विचारते,
“त्याला काही होणार नाही ना?”
“कमीत कमी देतेय,” मी म्हणते.
नाही म्हणायची मला सोय नाही.

माझ्या छातीवरचा बिल्ला
तीन महिन्यांनी माझा हिशेब आणतो, पाकिटातून.
झैदला बिल्ला नाही.
त्याचा आकडा या वहीत,
माझ्या अक्षरात.