चिंता कमीत कमी

ऐरोलीच्या जेट्टीवरून निघालो तेव्हा सुकती लागली होती.
पुलाखाली तपकिरी पाणी, वर ट्रकांची घरघर.
हसुराम मढवींच्या होडीत मी, दुर्बीण,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत गणतीचा तक्ता.

रकाने दोनच.
धाकटा रोहित: गडद गुलाबी,
चोच सुकलेल्या रक्ताच्या रंगाची.
थोरला रोहित: उंच, पांढुरका,
चोच फिकी, टोक तेवढं शाईत बुडवलेलं.
दोघंही मान खाली घालून
उलट्या चोचीनं खाडी गाळतात.
पण धाकट्याला शेवाळच हवं;
थोरल्याला कोलीमही चालतो, किडाही,
पुढ्यात येईल ते.

धाकटे इतके, की चिखल दिसेना.
शंभराशंभराचे गठ्ठे बांधता बांधता मी थकले,
आणि त्या रकान्याच्या माथ्यावर छापलेलं:
धोक्याच्या उंबरठ्यावर.
थोरले मोजून एक्केचाळीस.
त्यांच्या माथ्यावर: चिंता कमीत कमी.

"उलटं लिवलंय," मढवी म्हणाले.

मी समजावलं.
आज इथे किती, यावर नसतं काका.
धाकट्याची अंडी ठरावीक तळ्यांवरच,
खारी, उथळ, माणूस न फिरकणारी.
जगात अशी बोटांवर मोजावीत.
एक आटलं की अख्खी पिढी गेली.
थोरला काय, कुठेही निभावून नेतो.

इंजिन बंद करून ते बसून राहिले.
चिखलावर निवट्या टुणटुणत होत्या.
विजेच्या तारांची सावली पाण्यावर हलत होती.

"आमचा मोरेश्वर नाजूक.
आय त्याला अंडं द्यायची, मला पेज.
सातवीत मी जालं धरलं,
तो कॉलेजात गेला.
आता कोपरखैरण्याला ऱ्हातो.
फोनवर आय अजून त्यालाच इचारते,
जेवलास का रं?"

हसले.
तक्रार नव्हती त्यात;
असलीच तर गाळात होती,
पाय टाकला तरच लागेल अशी.

पाणी भराभर उतरत होतं,
अजून थांबलो तर होडी रुतणार.
मी पेनाला टोपण लावलं.
त्यांनी मात्र बांबू टोचून नाळ आत वळवली,
तिवरांच्या मागे, जिथे मी बघितलंच नव्हतं.
तिथे एकटाच, पांढुरका,
एका पायावर.

"याला बी धर."

मी एक्केचाळीस खोडलं.