रकाना क्रमांक चौदा

वेंगुर्ल्याच्या तहसील कचेरीसमोर
सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज भरते.
सातबाऱ्यावरचं नाव, होडीचा परवाना, मयताचा दाखला.
रिकामा रकाना मला
दातात अडकलेल्या पेडव्याच्या काट्यासारखा सलतो.

तर गाडीचं.
फियाट, चौऱ्याऐंशीची, ताकाच्या रंगाची,
डॉक्टर खानोलकरांच्या पश्चात माझ्याकडे आली.
चारही चाकांना ड्रम.
उतारावर ब्रेक दाबायचा
म्हणजे सरकारात अर्ज टाकायचा:
पोचेल, पण त्यांच्या सवडीनं.
पाऊस असला तर दाभोलीला दाबायचा
आणि पुढच्या तिठ्यावर वाट बघायची.

इनास मेस्त्रीनं कुडाळच्या भंगारातून
एका मारुतीच्या डिस्क आणल्या.
ती मारुती कशी गेली, मी विचारलं नाही.
तोही बोलला नाही, नुसता
पॉलिश पेपर फिरवत राहिला बराच वेळ.
नवे पॅड, नवे पाइप, बूस्टर.
चौथ्या दिवशी छातीवर खुरीस काढून म्हणाला,
"घेवा बाय. आता थांब म्हटल्यार थांबतली."
बिल अठरा हजार चारशे.

विमा सरत आला तेव्हा केरकर एजंट
दुकानाच्या पायरीवर टेकला.
"ताई, चौदाव्यात 'नाही' लिहा.
सगळे 'नाही'च लिहितात.
चाक काढून बघायला कोण येतंय?"

रकाना चौदा: मूळ बनावटीत काही फेरफार?
मी 'होय' लिहिलं.
पुरवणी जोडली, इनासचं बिल, चार फोटो
(एकात त्याचा कुत्रा आलाय).
दीड महिन्यानं उत्तर आलं:
फेरफार नोंदवला. हप्ता सातशे बारा रुपयांनी जास्त.
म्हणजे न थांबणारी स्वस्त,
थांबणारी महाग.
मी पैसे भरले. पावती फाइलीत लावली.

कार्तिकात, मोचेमाडच्या घाटीत,
दुसऱ्या वळणावर एक म्हातारा.
डोक्यावर गवताचा भारा, एवढा मोठा
की कान, डोळे, सगळं त्याच्या आत.
चालत होता रस्त्याच्या मधोमध
आपल्याच मांगरात असल्यासारखा.

पाय गेला. गाडी थांबली.
तिथंच. मागच्या सीटवरचे शहाळे
माझ्या मानेपर्यंत आले.
भाऱ्यापासून हातभर अंतर.
एक गवताची काडी बॉनेटवर पडली,
म्हातारा पुढे गेला. त्याला कळलंच नाही
की तो त्या वळणावर काही क्षण
कुणाच्या तरी हिशेबात होता.

मग मागून चिऱ्यांचा ट्रक येऊन बसला.
डिकी चेपली, दोन्ही दिवे गेले.
ड्रायव्हर उतरला, घामाघूम, आणि माझ्यावरच चिडला:
"बाय, फियाट अशी थांबता काय खंय?"
बरोबर होतं त्याचं. मलाही सवय नव्हती.

सावंतवाडीहून सर्व्हेअर आला, कोवळा पोरगा.
पुढच्या चाकाशी वाकला, चेहरा बदलला.
"मॅडम, हे मूळचं नाही."
मी फाइल उघडली. चौदावा रकाना.
त्यानं तो दोनदा वाचला,
कुत्र्याचा फोटोही बघितला,
आणि पेन्सिल कानावर ठेवली.

घसारा कापून अकरा हजार मिळाले.
दाव्याच्या अर्जावर 'घटनेचा तपशील' याला
चार ओळींची जागा होती.
ट्रक दीड ओळीत संपला.
उरलेल्या ओळींत म्हाताऱ्याचं लिहायला घेतलं,
तर त्याचं नाव नाही, गाव नाही,
दुखापत निरंक.
आयुष्यात पहिल्यांदा
मी कागदावर जागा मोकळी सोडली.

इनास डिकी ठोकत होता.
म्हणाला, "मागसून एक पाटी रंगवतंय, बाय:
ही गाडी थांबता."

मी म्हटलं, रंगव.
पण आधी सांग,
हे चौदाव्यात येतं का?