छडी आणण्याची पाळी

फेगडे गुरुजींच्या वर्गात छडी मुलांनीच आणायची.
सोमवारी ज्याची पाळी, त्यानं मोर नदीवर जाऊन
निरगुडी तोडायची, पाला ओरबाडायचा,
गाठी मात्र ठेवायच्या.
बारीक निघाली तर पहिली त्याच्याच हातावर.
जाड निघाली तर वर्ग आठवडाभर त्याच्याशी बोलत नसे.
मी आधी माझ्या करंगळीशी मोजायचो,
मग घरी जाऊन झोपलेल्या बापाच्या.

अत्तरदे बाई कधीच मारत नसत.
त्या चष्मा काढून टेबलावर ठेवत
आणि खिडकीतून केळीच्या बागेकडे बघत राहत,
आम्ही गप्प होईपर्यंत,
गप्प झाल्यावरही, पार घंटा होईपर्यंत.
सुधाकर बोंडे म्हणायचा,
यापेक्षा दोन लगावल्या असत्या
तर सुट्टीत खेळायला मन तरी लागलं असतं.

तडवी सरांचा हिशोब बादल्यांचा.
उशीर झाला, एक बादली. दंगा केला, दोन.
पाढे त्यांच्याकडे नव्हतेच,
तरी चुकलेला ऐकला की एक.
हातपंपापासून फाटकापर्यंत सांडत सांडत न्यायची
आणि निंबाच्या आळ्यात ओतायची.
फाटकाजवळचे चार निंब असे आमच्या गुन्ह्यांवर वाढले.
डावीकडचा डेरेदार आहे
तो जवळजवळ एकट्या सुधाकरचा.

हेडमास्तर वाण्यांची वही होती.
नाव, अपराध, शिक्षा, आणि शेवटच्या रकान्यात
विद्यार्थ्याची सही.
मी सही करायला शिकलो ती तिथे.

फेगडे गुरुजींना सगळ्यात राग यायचा तो ‘मले’चा.
‘मले नही, मला. म्हण, मला.’
मला म्हणेपर्यंत एक,
म्हटल्यावर लक्षात राहावं म्हणून एक.
घरी येऊन मी ‘मला भाकर दे’ म्हटलं
तर आई हसली, शेजारणीला बोलावून ऐकवायला लावलं.

एका रविवारी सावद्याच्या गुरांच्या बाजारात
बाप बैलाचे दात बघत होता.
पलीकडे कुणीतरी म्हशीवरून घासाघीस करत होतं,
‘मले काय येडं समजतं का रे तू?’
टोपी तिरपी, धोतराचा सोगा कमरेला,
गुरुजी.
मी कडब्याच्या गाडीआड उभा राहून मोजलं.
सात वेळा.
सातव्याला त्यांनी वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी पाळी माझी होती.
त्यांनी छडी हातात घेतली, एकेक गाठ चाचपली,
माझ्याकडे न बघता नकाशामागे ठेवली.
त्या आठवड्यात त्यांनी मला मारलं नाही.
त्या वर्षात नाही.
गणित चुकलं, शुद्धलेखन चुकलं,
एकदा तर मी मुद्दाम ‘मले’ म्हटलं, मोठ्यानं.
ते फळा पुसत राहिले.
‘मले’बद्दल बाकीच्यांना मात्र
आधीसारख्याच दोन पडत राहिल्या.
पोरांना वाटलं, बापानं तुपाचा डबा पोचवला असेल.
मीही वाटू दिलं.

परवा रावेरला एका लग्नात सुधाकर भेटला.
केस गेलेत, केळीच्या वेफर्सचा कारखाना टाकलाय.
पंगतीत शेजारी बसला, बट्टी कुस्करता कुस्करता म्हणाला,
‘तुले काऊन नही मारे रे फेगडे?
चाळीस वर्षं झाली, इचारीन इचारीन म्हणतो.’

‘मले काय माहीत,’ मी म्हटलं.

वाढप्या वांग्याची भाजी घेऊन पुढ्यात आला.
बस म्हणायला दोघांनीही हात पुढे केले.
त्यानं वरून पळी उचलली तसा
सुधाकरचा हात जरासा मागे सरला,
त्याला कळलंही नसेल.

माझा होता तिथेच राहिला.